फ्लूवरची अँटिव्हायरल गोळी: लगेच घ्यायची की ताप उतरायची वाट पाहायची?

गवतफुल | सोमवार, रात्री ९:१५

घाईत लिहिते आहे, चुका सांभाळून घ्या.

सासूबाई, वय ७१, मधुमेह. काल रात्री झोपेपर्यंत ठणठणीत होत्या. मध्यरात्री हुडहुडी भरून ताप आला. आज दिवसभर १०२, कोरडा खोकला, आणि अंग इतकं ठणकतंय की कूस बदलवत नाही. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. नाकात काडी घालून तपासणी केली, 'इन्फ्लुएन्झा ए', म्हणजे फ्लूचा एक प्रकार, निघाला. ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस असं लिहून दिलंय.

गोळ्या आणून टेबलावर ठेवल्यात आणि त्यांच्याभोवती आमच्या घराची सभा बसली आहे. दीर म्हणतात, "फ्लूच तर आहे. औषध घेतलं तर सात दिवसांत बरा होतो, नाही घेतलं तर आठवड्यात." नवऱ्याने कुठेतरी वाचलं की या गोळीने फार तर एक दिवस वाचतो, वर उलट्या होतात. सासूबाईंचं म्हणणं, आधीच मूठभर गोळ्या गिळते, त्यात ही भर नको.

हे अँटिबायोटिकच असतं का? एका दिवसासाठी एवढं करावं का? घरात चार वर्षांची लेक आहे, तिला आणि आम्हाला आधीच काही घ्यावं लागेल का? रात्रीतून ताप उतरतो का बघू आणि उद्या ठरवू, असं साधारण बहुमत आहे.

निवांत | सोमवार, रात्री ९:२२

रुमाल टाकून ठेवतो. दीरांचा विनोद माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकला होता.

नाडीपरीक्षा | सोमवार, रात्री ९:३१

गवतफुल, बाकीचं मागाहून बोलू. 'उद्या ठरवू' तेवढं करू नका.

मी फिजिशियन आहे, पण सासूबाईंना पाहिलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्यांना तपासलेल्या डॉक्टरांचा. या औषधाचं घड्याळ डॉक्टरांकडे गेल्यापासून सुरू होत नाही, पहिलं लक्षण दिसल्यापासून सुरू होतं. मध्यरात्री ताप भरला म्हणजे एकवीस तास झाले. जो काही फायदा आहे त्यातला बराचसा पहिल्या ४८ तासांत सुरुवात केली तर मिळतो, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. विषाणूची संख्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिगेला पोचते. ती उतरायला लागल्यावर औषध देणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं.

अँटिबायोटिक नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, फ्लू विषाणूने होतो.

आणि हे आत्ताच लिहून ठेवा: धाप लागणं, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ किंवा झापड, लघवी खूप कमी होणं, ओठ निळसर दिसणं, किंवा बरं वाटून एक-दोन दिवसांनी ताप-खोकला पुन्हा उसळणं. यातलं काहीही दिसलं तर धागा न वाचता थेट हॉस्पिटल गाठायचं.

गोळीबार | सोमवार, रात्री ९:४४

मी फार्मसिस्ट. आयडीवरून विनोद करून झालेले आहेत, कृपया नवे आणा.

गवतफुल, सासूबाईंच्या किडनीचा रिपोर्ट कधी काढलाय? मधुमेह जुना असेल तर विचारायलाच हवं. हे औषध पोटात जाताना एका रूपात असतं, यकृतात त्याचं काम करणारं रूप तयार होतं आणि ते जवळपास सगळं लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद असेल तर ते साचतं, म्हणून डोस कमी करावा लागतो. तपासणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत होतं का?

पोटात काहीतरी असताना द्या. मळमळ कमी होते.

गवतफुल | सोमवार, रात्री ९:५८

रिपोर्ट सापडला, तीन महिन्यांपूर्वीचा आहे. ई-जीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ४४ लिहिलंय, कमीच आहे. आजचे डॉक्टर नेहमीचे नव्हते आणि आम्ही सांगितलंच नाही. फोन लावते आहे.

गवतफुल | सोमवार, रात्री १०:२०

बोलले. म्हणाले, आजचा पहिला डोस ७५ चाच द्या, थांबू नका. उद्या सकाळपासून ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. सकाळी नवी चिठ्ठी घ्यायला बोलावलंय, रिपोर्टही पाहणार आहेत. सव्वादहाला गोळी दिली. सभा बरखास्त.

गोळीबार, खरंच आभार. आम्हाला कुणालाच सुचलं नसतं.

मोरपीस | सोमवार, रात्री १०:४१

बरं झालं. लेकीबद्दल एक सांगते, ताप आलाच तर तिला ॲस्पिरिन अजिबात देऊ नका. फ्लू किंवा कांजिण्यांमध्ये मुलांना ॲस्पिरिन दिलं तर रेज सिंड्रोम नावाचा प्रकार होऊ शकतो, मेंदू आणि यकृत दोन्हीवर येतं. क्वचितच होतो, पण झाला तर फार वाईट. पॅरासिटामॉल वजनानुसार, तेही डॉक्टरांना विचारून.

तिरकस | मंगळवार, सकाळी ७:५०

सगळे एका सुरात गायला लागले की मला खाज सुटते.

औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०१४ चा आढावा कुणी वाचलाय का? मोठ्या माणसांत ओसेल्टामिविरने लक्षणं सरासरी १६.८ तासांनी कमी झाली. सात दिवसांचे ६.३ दिवस. न्यूमोनियाबद्दल ठाम सांगावं असा पुरावा नाही, हॉस्पिटलात भरती होणं कमी झाल्याचं दिसलं नाही, मळमळ आणि उलट्या मात्र वाढल्या. गवतफुलच्या यजमानांनी वाचलंय ते हेच असावं, आणि ते खोटं नाही.

याच्या मागची कथा तर त्याहून रंजक आहे. जगभरच्या सरकारांनी बर्ड फ्लू आणि मग २००९ च्या स्वाइन फ्लूच्या धास्तीने या गोळ्यांची कोठारं भरली. ज्या चाचण्यांच्या जोरावर भरली, त्यातल्या कित्येकांचे पूर्ण अहवाल औषध बनवणाऱ्या कंपनीने बाहेर दिलेच नव्हते. संशोधक आणि 'बीएमजे' हे वैद्यकीय नियतकालिक काही वर्षं मागे लागले तेव्हा कुठे २०१३ मध्ये मिळाले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीतून हे पूरक यादीत ढकललं.

बोला.

निवांत | मंगळवार, सकाळी ८:०५

आता कुठे धाग्याला धुगधुगी आली.

आप्पा | मंगळवार, सकाळी ८:३०

तिरकसराव, आकडे तुमचे बरोबर असतील. मला स्वतःला तीन वर्षांपूर्वी फ्लू झाला तेव्हा मी पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, कारण आमची पिढी ताप अंगावर काढण्यात मर्दुमकी मानते. न्यूमोनिया होऊन अकरा दिवस हॉस्पिटलात होतो. तिथे हीच गोळी दिली, पण उशीर झाला होता असं तिथलेच डॉक्टर म्हणाले. आधी घेतली असती तर टळलं असतं का? कुणीच सांगू शकत नाही. पण तो प्रश्न मला रात्री अजून पडतो, एवढं मात्र खरं.

नाडीपरीक्षा | मंगळवार, दुपारी १:१५

ओपीडी संपली, आता निवांत लिहितो (आयडी नव्हे).

तिरकस, तुम्ही दिलेलं एकही वाक्य खोडणार नाही. पण १६.८ तास हे कुणाचे तास आहेत ते पाहा. त्या चाचण्यांतली बहुतेक मोठी माणसं एरवी धडधाकट होती. शिवाय त्या हिशेबात ज्यांना फ्लूसारखी लक्षणं होती पण तपासणीत फ्लू निघाला नाही, असे लोकही होते. फ्लूचं औषध फ्लू नसलेल्याला काय करणार? २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात फक्त पक्का फ्लू असलेले धरले तर फरक साधारण २५ तासांवर गेला, आणि अँटिबायोटिक द्यावं लागेल असे छातीचे संसर्ग ४४ टक्क्यांनी कमी दिसले.

मग २०२० ची युरोपातली चाचणी. १५ देश, तीन हजारांवर रुग्ण, सगळे साध्या फॅमिली डॉक्टरांकडे आलेले. सरासरी फायदा पुन्हा एक दिवसाचाच. पण ६५ च्या पुढचे, आधीचे आजार असलेले आणि जास्त आजारी असलेले, यांचा गट वेगळा काढला तर दोन ते तीन दिवस. 'सरासरी एक दिवस' हे वाक्य पंचविशीतल्या पैलवानाला आणि गवतफुलच्या सासूबाईंना एकाच मापाने मोजतं.

आता माझ्या बाजूचं लंगडं अंग. २०२३ मध्ये सहा हजारांवर रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा घरी राहून ही गोळी घेणाऱ्यांमध्ये हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. वयस्कर आणि जोखमीच्या लोकांतही नाही. तेव्हा 'ही गोळी घेतली म्हणजे हॉस्पिटल टळलं' असं मी रुग्णाला सांगत नाही. दोन-तीन दिवस लवकर उठून बसाल एवढं सांगतो. सत्तरीच्या माणसाला दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळणं काय असतं ते आप्पांना विचारा.

तिरकस | मंगळवार, दुपारी १:४०

आणि हॉस्पिटलात भरती असलेल्यांचं काय? तिथे तर सर्रास देता.

नाडीपरीक्षा | मंगळवार, दुपारी १:५८

देतो. तिथला पुरावा बहुतेक निरीक्षणांवरचा आहे. २०१४ चा एक मोठा अभ्यास आहे, २००९-१० च्या साथीतले २९,००० हून जास्त भरती झालेले रुग्ण. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात मृत्यूची शक्यता कमी दिसली, आणि दोन दिवसांच्या आत मिळालेल्यांत ती उशिरा मिळालेल्यांच्या जवळपास निम्मी.

तिरकस | मंगळवार, दुपारी २:०३

त्या अभ्यासाला पैसे त्याच कंपनीने दिले होते.

नाडीपरीक्षा | मंगळवार, दुपारी २:१०

हो. म्हणूनच विचारण्याआधी मी लिहिला नव्हता :)

गंभीर रुग्णांच्या निम्म्या वॉर्डाला खोटी गोळी देऊन बघणं सोपं नाही, त्यामुळे आहे त्या पुराव्यावरच भागवावं लागतं. यात अंधविश्वास नाही आणि खात्रीही नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला तुलनेने निरुपद्रवी गोळी द्यायला मला एवढा पुरावा पुरतो. तुम्हाला पुरत नसेल तर मी भांडणार नाही.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ९:२५

विषाणूंवर पीएचडी चालू आहे, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही.

गोळी काय करते ते सांगते. फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो, तिथे आपल्या प्रती काढतो. नव्या प्रती पेशीच्या पृष्ठभागावर फुटून येतात, पण सुटत नाहीत. पेशीवर सियालिक आम्लाचे धागे असतात, त्यांना त्या चिकटलेल्या असतात. तो धागा कापायला विषाणूकडे एक कात्री असते, न्यूरामिनिडेज. फ्लूच्या H1N1 या प्रकाराच्या नावातला N तो हाच. ओसेल्टामिविर त्या कात्रीच्या पात्यांत खडा अडकवतं. पिल्लं जन्मतात पण दारातच अडकून बसतात. आता कळेल की उशीर का चालत नाही. आधीच बाहेर पडून गावभर पसरलेल्यांसाठी दार बंद करून काय उपयोग?

याच जातीची अजून दोन: झानामिविर, जे तोंडाने ओढायचं पूड औषध आहे, आणि पेरामिविर, जे शिरेतून देतात. झानामिविर आणि ओसेल्टामिविर दोन्ही १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

बॅलॉक्झाविर मात्र निराळं आहे. फ्लूच्या विषाणूला आपले संदेश पेशीकडून वाचून घ्यायचे असतात, पण पेशी फक्त टोपीवाले संदेश वाचते. विषाणूकडे टोपी नाही. मग तो पेशीच्या स्वतःच्या संदेशांच्या टोप्या कापून आपल्या डोक्यावर चढवतो. खरंच, शास्त्रातही याला टोपी पळवणंच म्हणतात. बॅलॉक्झाविर ही टोपीचोरी बंद पाडतं. २०१८ मध्ये आधी जपानमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झालं. एकच डोस, पाच दिवसांची भानगड नाही.

निवांत | मंगळवार, रात्री ९:३१

इतकी वर्षं विषाणू आपल्याला टोपी घालतो असं वाटत होतं. तो आपलीच पळवतो होय!

शुद्धमती | मंगळवार, रात्री ९:५०

चर्चा उत्तम. पण शीर्षकात 'अँटिव्हायरल' का? 'विषाणूरोधक' हा सुबोध शब्द असताना?

तिरकस | मंगळवार, रात्री ९:५५

रोधक म्हणजे अडवणारा. कंडोमसुद्धा विषाणूरोधकच की. 'प्रतिविषाणू' म्हणा.

शुद्धमती | मंगळवार, रात्री १०:०२

प्रतिविषाणू म्हणजे विषाणूविरुद्धचा विषाणू असा अर्थ निघतो. नको.

गवतफुल | बुधवार, सकाळी ६:४५

अपडेट. काल सकाळी एकदा उलटी झाली, गोळी घेऊन दोन तास झाल्यावर, त्यामुळे पुन्हा द्यायची नाही असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर खाऊन मगच देतोय, झाली नाही. ताप काल रात्री १०० होता, आज पहाटे ९९. खोकला तसाच. अंगदुखी पुष्कळ कमी, आज स्वतः उठून खिडकीशी बसल्या.

लेकीबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांखालची आहे म्हणजे तीही जोखमीच्या यादीतच येते. आधीच औषध देणार नाही, पण ताप दिसला की त्याच दिवशी आणायची, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. तोवर आजीची खोली वेगळी. ती दाराशी बसून आजीला गोष्ट सांगते.

दमदार | बुधवार, दुपारी १२:१०

आयडी उपरोधाने घेतलेला आहे, मला दमा आहे. झानामिविर ओढायचं औषध असल्यामुळे मला चालणार असं मीच परस्पर ठरवलं होतं. फुप्फुसाचाच आजार ना, थेट तिथेच जाईल! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ती पूड ओढल्याने दमेकऱ्याची श्वासनळी आवळू शकते, म्हणून दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसाचा एक जुनाट आजार) असलेल्यांना ते देत नाहीत. मला ओसेल्टामिविर दिलं. अतिशहाणपणा नडला असता.

मोरपीस | बुधवार, दुपारी ३:२०

मला एक भीती वाटते ती विचारून टाकते. जपानमध्ये ही गोळी घेतलेली मुलं गच्चीवरून उड्या मारत होती असं वाचलं होतं. माझा मुलगा चौदाचा आहे.

नाडीपरीक्षा | बुधवार, संध्याकाळी ५:०५

तशा घटना घडल्या होत्या, म्हणून २००७ मध्ये जपानने १० ते १९ वयोगटात हे औषध देणं जवळपास थांबवलं. पुढे बरीच वर्षं माहिती गोळा केली. गोळी न घेतलेल्या, नुसता फ्लू झालेल्या मुलांमध्येही तसंच विचित्र वागणं दिसत होतं, आणि गोळीमुळेच होतं असं सिद्ध झालं नाही. २०१८ मध्ये ती बंदी उठवली. इशारा मात्र पत्रकावर अजून आहे.

व्यवहारात एवढंच, की फ्लूने तापलेल्या मुलाला, गोळी चालू असो वा नसो, पहिले दोन दिवस एकटं ठेवू नका आणि खिडक्या-दारांकडे लक्ष असू द्या.

आप्पा | बुधवार, रात्री ८:१५

अवांतर वाटेल, पण माझ्या धाकट्या भावाला पार्किन्सन्स आहे. त्याच्या गोळ्यांत अमांटाडिन आहे. पत्रकात वाचलं की हे मुळात फ्लूचं औषध होतं. हे काय गौडबंगाल?

सूक्ष्मदर्शी | बुधवार, रात्री ९:००

आप्पा, अवांतर मुळीच नाही. फ्लूवरचं पहिलं औषध तेच. १९६६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते घेणाऱ्या एका बाईंचा पार्किन्सन्सचा कंप कमी झाल्याचं योगायोगाने लक्षात आलं आणि त्याला दुसरा जन्म मिळाला. पहिला जन्म मात्र संपला. ते विषाणूच्या M2 नावाच्या छिद्राला बूच लावायचं. विषाणूने छिद्राची ठेवण जरा बदलली, बूच बसेना. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रण संस्थेने, सांगून टाकलं की फ्लूसाठी हे वापरू नका. शिवाय ते इन्फ्लुएन्झा बी वर कधीच चालत नव्हतं.

ओसेल्टामिविरचंही तसंच होता होता राहिलं. २००८-०९ मध्ये तेव्हाच्या नेहमीच्या हंगामी H1N1 पैकी जवळपास सगळे विषाणू त्याला दाद देईनासे झाले होते. तेवढ्यात २००९ चा नवा स्वाइन फ्लू आला आणि त्याने या जुन्या H1N1 ला हुसकून लावलं. नव्यावर गोळी चालत होती. म्हणजे साथीनेच औषध वाचवलं. बॅलॉक्झाविरमध्ये तर औषध घेतल्यावर काही रुग्णांत, विशेषतः लहान मुलांत, दाद न देणारा विषाणू तयार झालेला दिसतो. म्हणून उगाच सर्दीसाठी कुणी ही औषधं घेऊ नयेत.

गोळीबार | बुधवार, रात्री ९:२०

बॅलॉक्झाविरबद्दल माझ्या काउंटरवरची पुरवणी: दूध-दह्याबरोबर किंवा कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंकच्या गोळ्यांबरोबर घ्यायचं नाही. ते धातू औषधाला धरून बसतात आणि ते शरीरात जातच नाही. एकच डोस असल्यामुळे तो वाया गेला की संपलं. गरोदर बाईला ते देत नाहीत, तिला ओसेल्टामिविर.

तिरकस | बुधवार, रात्री १०:१२

आता नाडीपरीक्षांना शेवटची कळ. २०२४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना बघा. फ्लू गंभीर नसेल पण रुग्ण जोखमीचा असेल, म्हणजे तंतोतंत गवतफुलच्या सासूबाई, तर बॅलॉक्झाविर सुचवलंय आणि ओसेल्टामिविर न देण्याकडे कल आहे. ओसेल्टामिविर गंभीर आजारासाठी राखलंय. तेही 'सशर्त', म्हणजे पुरावा तोकडा. मग सोमवारी रात्री घाईने दिलेली गोळी कुणाच्या नियमाने?

नाडीपरीक्षा | गुरुवार, सकाळी ६:३०

सीडीसीच्या नियमाने. त्यांच्याकडे अशा रुग्णाला दोन्हीपैकी कोणतंही चालतं. एकाच पुराव्याकडे बघून दोन शहाणी मंडळी दोन गोष्टी सांगतात, कारण हॉस्पिटलात जाणं टळणं आणि आजाराचे दिवस कमी होणं, यांना दोघं सारखं वजन देत नाहीत. शिवाय बॅलॉक्झाविर सगळीकडे हाताशी नसतं. टेबलावर असलेली गोळी आणि मिळेल-न-मिळेल अशी गोळी यांत, एकवीस तास उलटले असताना, मी पहिली देईन. दोन्ही हाताशी असतील तर सासूबाईंसाठी मीही बॅलॉक्झाविरचा विचार केला असता. पटलं?

तिरकस | गुरुवार, सकाळी ७:१०

अर्धं. माझ्यासाठी पुष्कळ झालं.

रानवारा | गुरुवार, सकाळी ११:००

मला उलटं विचारायचंय. मी तिशीतला, धडधाकट. दोन वर्षांपूर्वी फ्लू झाला, पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी गोळी न देता परत पाठवलं. आराम करा, पाणी प्या. तेव्हा राग आला होता. रॅपिड टेस्टही निगेटिव्ह आली होती, तरी ते म्हणाले फ्लूच आहे. मग टेस्ट कशाला केली?

नाडीपरीक्षा | गुरुवार, दुपारी २:२०

झटपट टेस्ट पॉझिटिव्ह आली तर बहुतेक वेळा खरी असते. निगेटिव्ह आली तर तेवढा विश्वास नसतो, फ्लू असलेल्या दहातल्या तीन ते पाच जणांना ती चुकवते. पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट, पुष्कळ जास्त पक्की. म्हणून जोखमीच्या माणसात टेस्ट निगेटिव्ह आली तरी, साथ चालू असेल आणि चित्र फ्लूचंच असेल, तर आम्ही औषध सुरू करतो.

तुमच्यासारख्याला न देणं चूक नाही. एक दिवस वाचवायचा की पोट बिघडवायचं, हा तुमचा-डॉक्टरांचा सौदा. तुमच्या घरात तान्हं बाळ किंवा केमो चालू असलेलं कुणी असतं तर मी वेगळा विचार केला असता.

दमदार | गुरुवार, दुपारी ३:०५

घरातल्यांना आधीच गोळी देण्याबद्दल कुणी बोललंच नाही अजून. गवतफुलचा तोही प्रश्न होता.

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, रात्री ८:४०

चालतं. ओसेल्टामिविर प्रतिबंधासाठी दिवसातून एकदाच, साधारण आठवडा ते दहा दिवस. बॅलॉक्झाविरची जपानमधली २०२० मध्ये छापून आलेली चाचणी होती, घरात एकाला फ्लू झाल्यावर बाकीच्यांना एक डोस. खोटं औषध मिळालेल्यांपैकी १३.६ टक्क्यांना फ्लू झाला, खरं मिळालेल्यांपैकी १.९ टक्क्यांना. आकडा झकास आहे. पण सगळ्या घराला सरसकट देत नाहीत, ज्याला फ्लू झाला तर महागात पडेल त्याला देतात. आणि ही लसीची जागा घेत नाही. गोळी थांबली की संरक्षण थांबलं.

गोळीबार | गुरुवार, रात्री ९:०२

नाकात फवारायची जी जिवंत विषाणूची लस असते, तिच्या आसपास या गोळ्या घेतल्या तर लसच निकामी होऊ शकते. टोचायच्या लसीला काही होत नाही.

नवखा२ | शनिवार, सकाळी १०:३०

ताप असेल तर वाफ घ्या आणि भरपूर झोपा. गोळ्याबिळ्या नको.

निवांत | शनिवार, सकाळी १०:३३

धागा वाचून प्रतिसाद देण्याची प्रथा कालबाह्य झाल्याचं जाहीर करण्यात येत आहे.

गवतफुल | रविवार, सकाळी ९:२०

काल सकाळी दहावी गोळी दिली. ताप बुधवार रात्रीपासून नाही. खोकला आहे, थकवा बराच आहे, पण काल संध्याकाळी स्वतः दीरांना रागावल्या, म्हणजे बऱ्या आहेत. लेकीला काही झालं नाही. मला गुरुवारी घसा दुखला, तेवढ्यावरच निभावलं.

गोळीमुळे झालं की आपोआप झालं असतं ते मला माहीत नाही. दीर म्हणतात आपोआप. मी वाद घालत नाही. किडनीचा रिपोर्ट मात्र आता सासूबाईंच्या पर्समध्ये घडी करून ठेवलाय.

एक शेवटचा प्रश्न. ७५ च्या दहातल्या नऊ गोळ्या उरल्या आहेत. नवरा म्हणतो, ठेवू, पुढच्या वेळी कामी येतील.

गोळीबार | रविवार, सकाळी ९:४१

ठेवू नका. पुढच्या वेळी कुणाला तरी साधी सर्दी होईल, तुम्ही न विचारता द्याल. किंवा सासूबाईंनाच द्याल, आणि त्यांचा डोस हा नाहीच. नऊ गोळ्यांत कुणाचा पूर्ण कोर्सही होत नाही. केमिस्ट परत घेत असेल तर त्याला द्या. नाहीतर डॉक्टरांना विचारा. बेसिनमध्ये ओतू नका.

तिरकस | रविवार, सकाळी ९:४८

गोळीबार यांच्याशी पूर्ण सहमत. तारीख नोंदवून ठेवा.

शुद्धमती | रविवार, सकाळी १०:१५

'विषाणुघ्न' कसा वाटतो?

गवतफुल | रविवार, सकाळी १०:३०

नऊ गोळ्या पाकिटात घालून दाराशी ठेवल्या, दुपारी देऊन येते. सासूबाईंना 'विषाणुघ्न' वाचून दाखवला. म्हणाल्या, "हे लोक अजून भांडतायत होय? त्यांना सांग, माझा खोकला राहिलाय, त्यावर काही असेल तर बोला."